सॅम मेंडिसची पहिली फिल्म आणि तिच्या आधीची बारा वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, आठ वर्षं एकांकिका आणि दोन दीर्घांक बसवून झालेत, दिग्दर्शनाची पारितोषिकं मिळालीत, आता फिल्म करायची आहे. सगळे सांगतात, आधी चार-पाच वर्षं कुणाकडे तरी असिस्टंट म्हणून राहा. त्यावर तुमचं म्हणणं असं की सॅम मेंडिस कुठे कुणाच्या सेटवर असिस्टंट होता? लंडनमध्ये नाटकं करत होता, तिथून थेट 'अमेरिकन ब्युटी' केली आणि पहिल्याच फिल्मला ऑस्कर घेऊन आला. मग आपण नाटक आत्ताच सोडावं का? आणि पहिली फिल्म म्हणून आपलीच गाजलेली एकांकिका मोठी करून घ्यावी का?

मी पंचवीसेक वर्षं नाटकं बसवतोय. मध्ये दोन फिल्म्सना असिस्टंट होतो आणि एक फिल्म स्वतः केली. ती तुम्ही पाहिलेली नसणार. वाईट वाटून घेऊ नका, कुणीच पाहिलेली नाही. तेव्हा हे उत्तर यशस्वी माणसाचं समजू नका. पण नाटकातून कॅमेऱ्यासमोर जाताना पाय नेमका कुठे घसरतो ते मला ठाऊक आहे, कारण तिथे मी घसरलोय.

प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच आहे: नाटकात कमावलेलं काय कॅमेऱ्यासमोर चालतं, काय चालत नाही, आणि जे चालत नाही ते कुणाकडून शिकायचं. मेंडिसचं उदाहरण तुम्ही घेतलंत ते उत्तम. फक्त तुम्ही त्याची गोष्ट १९९९ पासून सुरू केलीत. ती बारा वर्षं मागे नेऊ या.

मेंडिस १९६५ चा, जन्म रेडिंगचा. शाळा ऑक्सफर्डमध्ये, मग केंब्रिज. तिथेच विद्यार्थी असताना तो नाटकं बसवायला लागला. १९८७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि चिचेस्टरच्या थिएटरमध्ये सहायक दिग्दर्शक झाला. म्हणजे असिस्टंटगिरी त्यानेही केली, फक्त ती नाटकाच्या तालमीत केली. १९८९ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने लंडनच्या वेस्ट एंडमध्ये चेखॉव्हचं 'द चेरी ऑर्चर्ड' केलं आणि मुख्य भूमिकेत होती ज्युडी डेंच. जरा कल्पना करा, तुम्ही चोवीस वर्षांचे आहात आणि तालमीत तुमच्यासमोर अशी नटी उभी आहे जिने तुमच्या जन्माआधीपासून शेक्सपिअर केलाय. तिला 'इथून डावीकडे जा' असं सांगायचं. 'का?' असं तिने विचारलं तर उत्तर तयार हवं. मला विचाराल तर त्याचं खरं शिक्षण हेच. पुढे हॉलिवूडच्या ताऱ्यांसमोर त्याची बोबडी वळली नाही याचं कारण इथे आहे.

लगेच पुढच्या वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनीत 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'. त्यात सायमन रसेल बील हा नट होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. मग १९९२ पासून डॉनमार वेअरहाउस.

डॉनमारबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातलं हे एक जुनं गोदाम. जेमतेम २५० खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, आणि कुणीही रंगमंचापासून चार-पाच रांगांपेक्षा लांब नाही. मेंडिस तिथला कलात्मक संचालक झाला आणि दहा वर्षं राहिला. सुरुवात स्टीफन सॉन्डहाइमच्या 'असॅसिन्स' या संगीतिकेने केली. १९९३ च्या 'कॅबरे'त त्याने प्रेक्षकांना चक्क क्लबात बसवावं तसं टेबलांभोवती बसवलं. तेच 'कॅबरे' १९९८ मध्ये ब्रॉडवेवर गेलं आणि तिथे त्याचे दोन हजारांहून जास्त प्रयोग झाले.

आता आपल्याकडचा नट आठवा. पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे, हे आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मान वळवायची तर खांद्यापासून, रडायचं तर पाठीतून. चूक काही नाही, तो हॉलच तसा आहे. डॉनमारमध्ये मात्र नटाची पापणी हलली तरी शेवटच्या खुर्चीला दिसते. तिथे दहा वर्षं नाटकं बसवणारा दिग्दर्शक न कळत क्लोजअपची तयारी करत असतो. त्याचा डोळा चेहऱ्यावर ठरायला शिकतो. उलट १९९४ मध्ये मेंडिसने लंडन पॅलेडियममध्ये 'ऑलिव्हर!' केलं, ते दोन हजारांहून जास्त खुर्च्यांचं थिएटर. म्हणजे एकाच काळात एका हाताने सूक्ष्मदर्शक आणि दुसऱ्या हाताने दुर्बीण चालवणं चाललं होतं. 'ऑलिव्हर!' आणि 'कॅबरे' ही त्याची कामं स्टीव्हन स्पीलबर्गच्या नजरेत भरली, आणि 'अमेरिकन ब्युटी' बनवणाऱ्या ड्रीमवर्क्स कंपनीचा स्पीलबर्ग हा एक संस्थापक होता. तुम्हाला जी उडी वाटली तिच्याखाली एवढ्या पायऱ्या आहेत.

शिवाय डॉनमार चालवायचं म्हणजे नुसतं दिग्दर्शन नव्हे. प्रायोजक शोधायचे, हंगाम ठरवायचा, दुसऱ्या दिग्दर्शकांना बोलवायचं, एखादं नाटक पडलं तर पुढच्याचे पैसे कुठून आणायचे ते बघायचं. आपल्याकडे हे काम संस्थेचा कार्यवाह करतो आणि दिग्दर्शक 'मी कलावंत आहे' म्हणून बाजूला बसतो. (मीही बसायचो.) फिल्मच्या सेटवर दीडशे माणसं आणि घड्याळ सांभाळताना हीच बाजू कामाला येते.

इथे एक कबूल करायला हवं. हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मेंडिसची परिस्थिती आपली नाही. पीटर हॉल, ट्रेव्हर नन, रिचर्ड एअर, निकोलस हाइटनर हे नाट्यदिग्दर्शक आणि हा, सगळे केंब्रिजचे. ब्रिटिश रंगभूमीत त्या विद्यापीठाचा एक ठरलेला जिना होता. अनुदानावर चालणारी प्रादेशिक थिएटरं होती, तिथे तेविशीतल्या पोराला सहायक दिग्दर्शकाची पगारी जागा मिळू शकत होती. आपल्याकडे एकांकिका स्पर्धा संपली की पोरगा थेट रस्त्यावर येतो. हौशी नाटकात पैसा नाही आणि व्यावसायिक नाटकात निर्माता नवशिक्याला विचारत नाही. तेव्हा 'मेंडिसने केलं, मीही करीन' याआधी त्याच्या पायाखाली कुणी फळी टाकली होती ते बघा.

एक गोष्ट मात्र आपल्यातही तशीच आहे. अमेरिकेत नाटक न्यूयॉर्कला आणि सिनेमा लॉस एंजेलिसला, मध्ये अख्खा खंड. ब्रिटनमध्ये दोन्ही लंडनच्या आसपास. तोच नट दिवसा शूटिंग करतो आणि रात्री नाटक. आपल्याकडेही नट मालिकेचा कॉल संपवून तिसऱ्या घंटेच्या आत विंगेत हजर असतो. त्यामुळे 'नाटक की सिनेमा' हा निवाडा करायची सक्ती ब्रिटिश दिग्दर्शकाला नव्हती, आणि तुम्हालाही नाही.

आता 'अमेरिकन ब्युटी'. दीड कोटी डॉलरची फिल्म, हॉलिवूडच्या मानाने बेताची. शूटिंग सुरू झालं आणि पहिल्या काही दिवसांचं काम बघून मेंडिस स्वतःच हादरला. सुरुवातीलाच त्याने बर्गरच्या दुकानातला प्रसंग घेतला होता, ज्यात तिथे काम करणारा नायक आपल्या बायकोला दुसऱ्या पुरुषाबरोबर रंगेहाथ पकडतो. गमतीचा प्रसंग. नट फार मोठं करून खेळले, कपडे चुकले, चौकट चुकली. हे सगळं त्याने पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय आणि प्रत्येक चूक स्वतःच्या नावावर घेतलीय. त्याने स्टुडिओकडे पुन्हा शूट करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

हा किस्सा मी प्रत्येक नाटकवाल्याला सांगतो, कारण 'मोठं करून खेळले' यातच सगळं आलं. आपण तालमीत आठ-दहा फुटांवर खुर्ची टाकून बसतो. तिथून जे बरोबर वाटतं ते सेटवरही बरोबर वाटतं, कारण सेटवरही आपण नटाकडेच बघत असतो. पण लेन्स आपल्या खुर्चीत बसलेली नसते. ती नटाच्या नाकासमोर असते.

माझ्या फिल्मच्या दुसऱ्या दिवशी हेच झालं. बाप आणि मुलगा जेवताना भांडतात असा प्रसंग. दोघंही माझ्या नाटकांतले कसलेले नट. एका टेकमध्ये प्रसंग झाला, युनिटमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी खूश. रात्री फुटेज बघितलं तर पडद्यावर दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती, बाकी काही नव्हतं. भाकरी मोडताना बापाचा हात थांबतो, तो क्षण मी तालमीत स्वतः बसवला होता. तो कॅमेऱ्यात आलाच नव्हता, कारण कॅमेरा दोघांना एकत्र धरून लांब उभा होता, अगदी माझ्या तालमीतल्या खुर्चीएवढ्या अंतरावर! मी निर्मात्याला म्हटलं, हा प्रसंग परत घेऊ. तो म्हणाला, 'टाळ्या पडल्या की, आता काय?' आणि मी गप्प बसलो. माझ्यात आणि मेंडिसमध्ये प्रतिभेचा फरक तर आहेच, पण त्या दिवसापुरता फरक एवढाच होता की त्याने परत मागितलं आणि मी नाही.

तुम्ही म्हणाल, त्याला परत मागायचं बळ कुठून आलं? थोडं त्याच्यामागे उभ्या असलेल्या स्टुडिओमुळे, आणि बरंचसं सवयीमुळे. नाटकात प्रयोग फसला की दुसऱ्या दिवशी तालीम लावतातच, तिथे लाज वाटायचं काही नसतं. सिनेमात पैसे वाहत असतात, म्हणून माणूस फसलेलं गिळून टाकतो. नाटकातली ती निर्लज्ज सवय त्याने सेटवर नेली.

दुसरी गोष्ट त्याच्या कॅमेरामनची. कॉनरॅड हॉल तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'साठी त्याला तीस वर्षांपूर्वी ऑस्कर मिळालेलं. पहिलटकर दिग्दर्शकाने समवयस्क दोस्त न घेता आजोबांच्या वयाचा माणूस घेतला. मेंडिस प्रसंगांची रेखाटनं करून ठेवायचा, नटांबरोबर दोन आठवडे तालीमही त्याने शूटिंगआधी घेतली होती. म्हणजे जे येत होतं त्याची पूर्ण तयारी, आणि जे येत नव्हतं तिथे उस्तादाच्या पायाशी बसायची तयारी. फिल्मला पाच ऑस्कर मिळाली, त्यातलं एक हॉलचं. पुढच्या 'रोड टू पर्डिशन'लाही हॉलच होता. ती त्याची शेवटची फिल्म ठरली आणि त्या कामाचं ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं.

म्हणून असिस्टंट राहायचं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: पाच वर्षं नको. एका फिल्मला, शक्य असेल तर छोट्या युनिटमध्ये, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहा. मिळालं तर कंटिन्युटीचं काम घ्या, क्लॅप देण्यापेक्षा ते बरं, कारण तिथे प्रत्येक शॉट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते लिहावंच लागतं. मग त्याच फिल्मच्या एडिटिंगला संकलकामागे एक महिना नुसते बसा. तोंड उघडू नका. चहा आणा हवं तर.

एडिटिंगचं इतकं का म्हणतोय? 'अमेरिकन ब्युटी'च्या मूळ पटकथेत गोष्टीच्या दोन्ही टोकांना कोर्टातला खटला होता, दोन तरुण पात्रांवर खुनाचा आळ येतो असा. तो शूटही झाला होता. एडिटिंगमध्ये मेंडिसने तो सगळा भाग काढला आणि फिल्मचा सूरच बदलला. नाटकवाल्याला हे फार जड जातं. आपल्याकडे संहिता शेंदूर लावल्यासारखी असते. रंगीत तालमीनंतर एक पान कापायचं म्हटलं तरी लेखक अबोला धरतो. आणि प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकाचं काम संपलं, पुढे नाटक नटांचं. सिनेमात उलटं. नट घरी जातात आणि मग दिग्दर्शकाचं खरं काम सुरू होतं. लय तिथे ठरते. किती वेळ थांबायचं, कुणाच्या चेहऱ्यावर थांबायचं, हे तालमीत नटाला सांगून भागत नाही.

आता तुमची एकांकिका. हाइटनरने 'द मॅडनेस ऑफ जॉर्ज थ्री' हे नाटक १९९१ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये केलं आणि १९९४ मध्ये त्याचीच फिल्म ही त्याची पहिली फिल्म ठरली. राजाच्या भूमिकेत तोच नायजेल हॉथॉर्न. हा एक रस्ता झाला आणि तो चालला. मेंडिसने मात्र तो घेतला नाही. १९९२ मध्ये त्याने जेन हॉरॉक्सला घेऊन केलेलं 'द राइज अँड फॉल ऑफ लिटल व्हॉइस' गाजलं होतं. सहा वर्षांनी त्याची फिल्म झाली, नटी तीच, पण दिग्दर्शक मार्क हर्मन. मेंडिसने पहिली फिल्म म्हणून पडद्यासाठीच लिहिलेली पटकथा घेतली, जिच्याशी त्याचा आधी काही संबंध नव्हता. आपल्याकडे डॉ. जब्बार पटेलांनीही तेच केलं. 'घाशीराम कोतवाल' हातात असताना त्यांचा 'सामना' तेंडुलकरांच्या स्वतंत्र पटकथेवर झाला, आणि मोहन आगाशेंसारखे नट मात्र नाटकातून सोबत आले.

माझा कल या दुसऱ्या रस्त्याकडे आहे. स्वतःची एकांकिका तुम्हाला फार पाठ असते. कुठे हशा येतो, कुठे सन्नाटा पडतो हे तुम्हाला माहीत असतं आणि तुम्ही कॅमेरा त्या हशाच्या जागी नेऊन ठेवता. पडद्यावर त्या जागी हशा येत नाही, कारण तो शब्दांनी आलेला नव्हता, चारशे माणसं एकत्र बसल्यामुळे आला होता. पण तुमची एकांकिका काय आहे ते मी पाहिलेलं नाही. दोन पात्रं आणि एक खोली एवढीच असेल, आणि प्रेक्षकाशी थेट बोलणं नसेल, तर हाइटनरचा रस्ता धरायला हरकत नाही. सूत्रधार, गाणी, गोठलेल्या चौकटी, सूचक नेपथ्य अशी असेल तर हात लावू नका. ती रंगमंचाचीच आहे, तिथेच राहू द्या.

इथवरचं गोळा केलं तर: नट सांभाळायची कला आणि फसलेलं पुन्हा बसवायची सवय चालते, बघायचं अंतर आणि संहितेचा सोवळेपणा चालत नाही. राहिला नाटक सोडायचा प्रश्न.

मेंडिसने नाटक कधी सोडलंच नाही. ऑस्कर हातात आल्यावरही तो डॉनमारचा संचालक होता. २००२ मध्ये 'रोड टू पर्डिशन' आली, त्याच वर्षी त्याने डॉनमारचा निरोप घेतला आणि जाता जाता 'अंकल वान्या' आणि 'ट्वेल्थ नाइट' ही दोन नाटकं एकाच संचात केली. दोन्हींत सायमन रसेल बील. पुढे 'जारहेड', 'रेव्होल्यूशनरी रोड' अशा फिल्म्स केल्या, त्यांना पहिलीसारखं यश नव्हतं. मग २००९ पासून ब्रिटिश आणि अमेरिकन नटांचा एकत्र संच करून त्याने जगभर नाटकं फिरवली. त्यातलं सुरुवातीचं एक पुन्हा 'द चेरी ऑर्चर्ड'. वीस वर्षांनी तेच नाटक! मला हे फार आवडतं. आपल्याकडे जुनं नाटक पुन्हा केलं की 'नवं काही सुचत नाही वाटतं' म्हणतात.

त्यानंतर 'स्कायफॉल', २०१२. शंभर कोटी डॉलरच्या वर गेलेली ही पहिली बाँड फिल्म. आणि तिच्या मध्यभागी कोण? चोविसाव्या वर्षी ज्या ज्युडी डेंचला त्याने तालमीत सामोरं घेतलं होतं तीच. एवढ्या मारामारीच्या फिल्ममध्ये ती चौकशी समितीसमोर टेनिसनची कविता म्हणते आणि प्रेक्षक ऐकून घेतो. बाँडपटात कविता म्हणवून घ्यायची हिंमत नाटकवाल्यालाच होते. तेवीस वर्षांचा विश्वास त्या प्रसंगात आहे, तो पैसे देऊन भाड्याने आणता येत नाही. तुमच्या आजच्या संचातली दोन-तीन पोरं तुमच्याबरोबर तेवीस वर्षं राहतील अशी वागणूक त्यांना द्या, बाकी शिकता येतं.

पुन्हा रंगभूमी: २०१७ मध्ये 'द फेरीमन', २०१८ मध्ये 'द लेहमन ट्रिलॉजी'. या दुसऱ्यात एका बँकिंग घराण्याची दीडशेहून जास्त वर्षांची गोष्ट फक्त तीन नट सांगतात. बायका, मुलं, म्हातारे, सगळं तेच तिघं. एक फिरती काचेची खोली आणि एक पियानो. त्या तिघांत पुन्हा बील, म्हणजे १९९० पासून अठ्ठावीस वर्षं झाली. दोन्ही नाटकांसाठी मेंडिसला दिग्दर्शनाचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यांत मोठं पारितोषिक, मिळालं. बाँडचं बजेट हाताळून आलेला माणूस तीन नट आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन साडेतीन तासांचं नाटक करतो. का? माझा तर्क असा की तिथे त्याला काप न मारता काळ हलवायचा सराव मिळतो. नट एक पाऊल पुढे टाकतो आणि वीस वर्षं जातात. आणि लगेच त्याच्या पुढच्या वर्षी काय आलं ते बघा.

'१९१७'. मेंडिसचा आजोबा त्रिनिदादचा, लेखक. पहिल्या महायुद्धात तो निरोप्याचं काम करत असे. त्याने सांगितलेल्या आठवणींतून ही गोष्ट निघाली: दोन सैनिक, एक निरोप, आणि तो पोचवायला शत्रूच्या मुलखातून जायचं. फिल्म अशी घेतली की सगळी एकाच सलग शॉटमध्ये चालल्यासारखी वाटावी. प्रत्यक्षात अनेक लांब टेक आहेत, काही आठ-नऊ मिनिटांच्या घरातले, आणि त्यांचे सांधे लपवलेत. 'स्पेक्टर'च्या सुरुवातीला मेक्सिको शहरात असा एक लांब शॉट त्याने आधी करून बघितला होता.

सलग शॉटचं लोकांना तांत्रिक कौतुक असतं. नाटकवाल्याने ते वेगळ्या डोळ्यांनी बघावं. मघाशी म्हटलं ना, सिनेमात लय एडिटिंगमध्ये ठरते? इथे एडिटिंगला तो अधिकारच ठेवलेला नाही. म्हणजे लय शूटिंगच्या आधी ठरली पाहिजे. आणि ती ठरवायची एकच जागा आपल्याला माहीत आहे, ती म्हणजे तालीम. त्यांनी कित्येक महिने तालमी केल्या. मोकळ्या माळावर नट संवाद म्हणत चालायचे, आणि ते जिथे पोचतील तिथे खुणेच्या काठ्या आणि झेंडे रोवायचे. मग त्या मापाने खंदक खणले. संवाद जेवढा लांब, तेवढा खंदक लांब! नेपथ्य नटाच्या श्वासावर मोजलं गेलं. एक मैलाच्या आसपास खंदक खणले म्हणे, आणि एक फूट जास्त निघाला असता तर नटाला मुका चालावं लागलं असतं. प्रकाश आभाळाचा, त्यामुळे ढग येईपर्यंत थांबायचं. थांबलेल्या वेळात काय करायचं? तालीम.

तिथे कॅमेऱ्यावर रॉजर डीकिन्स होता. 'जारहेड'पासूनचा सोबती. हॉलनंतर पुन्हा एक उस्ताद, आणि त्याला या फिल्मसाठी ऑस्कर मिळालं. वीस वर्षांपूर्वी जो दिग्दर्शक कॅमेरा कुठे ठेवायचा ते शिकत होता, तो आता नाटकाची तालीम घेऊन कॅमेऱ्याकडे आला आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर. हे नाटक सोडलेल्या माणसाला जमलं नसतं.

जाता जाता एक गंमत. मेंडिस शाळेपासून क्रिकेटवेडा. १९९७ मध्ये, म्हणजे डॉनमारच्या भर धामधुमीत, तो ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्याच्या संघातून गावोगावच्या संघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना लॉर्ड्सवर खेळलाय. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

तुम्ही आत्ता काय कराल ते सांगून थांबतो. पुढची एकांकिका स्पर्धेसाठी बसवाल ती बसवाच. तिच्यातला सहा-सात मिनिटांचा, दोन पात्रांचा, चालत घडू शकेल असा एक प्रसंग निवडा. नटांना घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानावर जा, बांबूच्या कामट्यांना फडकी बांधून सोबत न्या. संवाद म्हणत चालू द्या. जिथे पात्राचा विचार बदलतो तिथे एक कामटी रोवा. दहा वेळा झालं की मोबाइल हातात घ्या आणि नटांच्या दोन हात पुढे, उलट्या पावलांनी चाला. मोबाइल कानाजवळ नको, त्यांच्या नजरेच्या पातळीवर धरा. पहिल्या फेरीत तुम्हाला दिसेल की तुमचे नट ओरडतायत. आवाज कमी करा असं सांगू नका, नुसते आणखी जवळ जा. अंतर कमी झालं की ते आपोआप खाली येतात. मग काप न मारता सबंध प्रसंग घ्या, आणि घरी जाऊन आवाज बंद करून बघा. कामटीच्या जागी विचार बदललेला चेहऱ्यावर दिसला तर तो टेक ठेवा. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. नटांना मात्र प्रयोगात घालायचे तेच जोडे घालून यायला सांगा, चपलेतली चाल वेगळी पडते आणि सगळ्या कामट्या पुन्हा उपटाव्या लागतात.